रेसवर पैसे लावणं कायदेशीर आणि मटका मात्र गुन्हा, असं का? आणि रेसवर ४० टक्के जीएसटी बरोबर आहे का?

मटक्यात आकडा निघतो, रेसमध्ये घोडा पळतो. १९९६ साली तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं ते यासाठीच. घोड्याचं कूळ, जॉकी, ट्रेनर, पाठीवरचं वजन, सगळं ताडून माणूस पैसे लावतो. आपला मुंबईचा जुगारबंदी कायदा तर १८८७चा. रेसच्या दिवशी, परवान्याच्या रेसकोर्सवर ठरवून दिलेल्या आवारात लावलेले पैसे त्यातून वगळलेत. तो परवाना १९१२च्या कायद्याने मिळतो. तीच नोट, तोच घोडा, पण फाटकाबाहेरच्या बुकीला दिलीत की गुन्हा.

हे मला तोंडपाठ आहे, कारण आमचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर टोटच्या, म्हणजे रेसकोर्सच्याच अधिकृत बेटिंगच्या, खिडकीत बसायचे. एरवी कारकुनी आणि पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की रेसच्या दिवशी टोट. ताईच्या लग्नाच्या बैठकीत होणाऱ्या दाजींनी चहाचा कप हातात असतानाच विचारलं होतं, "तुमचे वडील जुगाराच्या अड्ड्यावर असतात म्हणे?" वडील गप्प बसले. मुलीचं लग्न होतं.

कॉलेजात असताना मी त्यांना डबा द्यायला जायचो. एकदा धो धो पावसात फेव्हरेट घोडा थोडक्यात दुसरा आला. लोकांनी जॉकीच्या आईबापाचा उद्धार करत तिकिटं फाडून चिखलात फेकली. तेवढ्यात भोंगा वाजला, ऑब्जेक्शन! पहिल्या आलेल्याने शेवटच्या टप्प्यात आडवा घोडा घातला, अशी तक्रार होती. स्टुअर्डांनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, दोन्ही जॉकींना बोलावलं, फिल्म पाहिली आणि निकाल फिरवला. मग काय, सफारी घातलेली माणसं गुडघ्यांवर बसून कपटे शोधायला लागली! एकाने चार तुकडे थुंकी लावून जुळवले आणि वडिलांच्या खिडकीत सरकवले. नंबर वाचता येत नव्हता. वडिलांनी पैसे नाकारले. तो शिव्या देत राहिला, वडील शांतपणे म्हणाले, "पुढचा."

आता सांगा, मटक्यात ऑब्जेक्शन कुणाकडे घ्यायचं? फिल्म कुणी बघायची? मला विचाराल तर खरा फरक हा आहे. कौशल्य वगैरे कोर्टासाठी ठीक आहे.

आणि नेमकं हेच सरकार कराने मारतंय. जीएसटी २०१७ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. तोही क्लबच्या कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. जिंका नाहीतर हरा. वर दहा हजारांपुढे जिंकलात तर ३० टक्के टीडीएस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. बाहेरचा बुकी यातलं काही कापत नाही, वर उधारीही देतो. पंटर, म्हणजे पैसे लावणारा, कुठे जाणार? कमिशनवर कर लावा, हवा तेवढा लावा. पण माणसाला फाटकाच्या आत राहू द्या, कारण नियम तिथेच आहेत.

आमचे दाजी पुढे मोबाईलवर क्रिकेटच्या टीम लावायला लागले. "हे डोक्याचं काम आहे, तुमच्या रेससारखं नाही," असं जेवणाच्या ताटावर ऐकवायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि दाजींचं ॲप झोपलं. रेसकोर्स चालू आहे.

रेस खेळा असं मी म्हणत नाही हं. पगाराचं पाकीट न उघडताच घेऊन येणारी माणसं वडिलांनी पाहिली होती, त्यातल्या काहींच्या बायका नंतर फाटकावर नवऱ्याला शोधत यायच्या. वडील स्वतः जन्मात खेळले नाहीत. पण ते अड्ड्यावर बसत नव्हते, परवान्याच्या जागी नोकरी करत होते. भाऊबीजेला ताईकडे जायचंय, तेव्हा हे दाजींना तोंडावर सांगणार आहे.