लावलेली चिठ्ठी काढणारी विकरे

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक फार वाढण्याचा) आजार होता. गेल्या वर्षी येथे इंदूरलाच तिच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतील गाठीची शस्त्रक्रिया झाली. गाठीच्या जनुकीय तपासणीत ‘यूएसपी-८’ या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात बदल असल्याचे लिहून आले. एम. एस्सी. करणारा माझा मुलगा सांगतो की, युबिक्विटिन म्हणजे नको झालेल्या प्रथिनावर पेशीने लावलेली कचऱ्याची चिठ्ठी आणि हे विकर ती चिठ्ठी काढून टाकते. काढायचीच, तर लावायची कशाला? आणि हा बदल जावेच्या मुलांमध्येही उतरेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण काळजीचा प्रश्न शेवटी विचारला असला, तरी त्याचे उत्तर आधी देतो. कुशिंगच्या गाठीत सापडणारा यूएसपी-८ मधील बदल जवळजवळ नेहमीच त्या गाठीच्या पेशींपुरता असतो. तो जन्मतः मिळालेला नसल्यामुळे मुलांमध्ये उतरण्याचे कारण नसते. मनाची खात्रीच करायची असेल, तर तोच बदल रक्तातील पेशींमध्ये नाही ना, हे तपासता येते. तशी तपासणी झाली आहे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

आता चिठ्ठीविषयी. चिरंजीवांनी सांगितले ते खरे आहे, पण अर्धेच. युबिक्विटिन हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. त्याची शेपटी दुसऱ्या प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाला चिकटवण्याचे काम एकामागून एक येणारी तीन विकरे करतात. या यंत्रणेच्या शोधाबद्दल चिखानोव्हर, हर्शको आणि रोज यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एका युबिक्विटिनवर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी साखळीही जोडली जाते आणि खरी गंमत तिच्यात आहे. साखळी युबिक्विटिनमधील ४८व्या स्थानावरच्या लायसिनमधून गुंफलेली असेल, तर ते प्रथिन बहुधा प्रोटिअसोम या पेशीतल्या चरकात जाते. ६३व्या स्थानावरच्या लायसिनमधून गुंफलेली असेल, तर तिचा अर्थ बहुतेक वेळा मोडतोडीशी संबंधित नसतो, दुरुस्तीचा किंवा संदेशवहनाचा असतो. म्हणून ‘कचऱ्याची चिठ्ठी’ हे नाव मला तोकडे वाटते.

चिठ्ठी काढावी का लागते, याचे एक उत्तर आपल्या दारातच आहे. सकाळी कचऱ्याची गाडी आली की डबा तिच्यात रिकामा होतो आणि घरात परत येतो. कचऱ्याबरोबर डबाही देऊन टाकणारे घर इंदुरात काय, कुठेच सापडायचे नाही. प्रोटिअसोमच्या तोंडाशी बसलेले आरपीएन-११ हे विकर नेमके हेच सांभाळते. प्रथिन आत ओढले जात असताना ते युबिक्विटिनची साखळी कापून बाजूला काढते, म्हणजे युबिक्विटिन पुन्हा वापरता येते. शिवाय युबिक्विटिनची घडी इतकी घट्ट असते की, ती साखळी तशीच राहिली तर आतल्या अरुंद वाटेत अडकून बसेल. दुसरे असे की, नवे युबिक्विटिन मुळात सुटे तयारच होत नाही; एकमेकांना किंवा दुसऱ्या प्रथिनाला जोडलेल्या अवस्थेत बनलेले ते याच जातीच्या विकरांनी कापून मोकळे करावे लागते. माणसाच्या पेशीत अशी सुमारे शंभर विकरे आहेत आणि चुकून लागलेली चिठ्ठी काढणे हे त्यांच्या अनेक कामांपैकी केवळ एक काम आहे.

यूएसपी-८ चे काम थोडे निराळे आहे. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश घेणारा ईजीएफआर नावाचा एक ग्राही असतो. संदेश घेऊन झाला की त्याच्यावर युबिक्विटिन लागते, तो आत ओढला जातो आणि लायसोसोम नावाच्या पिशवीत त्याचे पचन होते. वाटेत यूएसपी-८ ने ती चिठ्ठी काढली, तर तो पचनातून सुटून पुन्हा पृष्ठभागावर येतो. निरोगी पेशीत १४-३-३ या नावाची प्रथिने यूएसपी-८ ला धरून ठेवतात आणि त्याचे काम बेताबेताने चालू देतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले की, कुशिंगच्या अनेक गाठींमध्ये ही पकड जिथे बसते, नेमक्या त्याच जागी बदल झालेला असतो. पकड सुटली की विकर मोकाट होते, ग्राही विझायच्या ऐवजी संदेश देतच राहतो, गाठीतून एसीटीएच हे संप्रेरक वाजवीपेक्षा जास्त स्रवते आणि त्याच्या तगाद्याने अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी कॉर्टिसोल ओतत राहतात. चेहऱ्यावरची सूज, चढलेला रक्तदाब, वाढलेली साखर ही सगळी त्याचीच फळे.

याच्या उलटही घडते. सीवायएलडी हे विकर दाहाचे संदेश आवरते. त्याचे जनुक निकामी असलेल्या कुटुंबांत डोक्याच्या त्वचेवर गाठी येतात. बीएपी-१ या अशाच दुसऱ्या विकराच्या जनुकात जन्मतः दोष असेल, तर फुप्फुसाच्या आवरणाचा आणि डोळ्याचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तिथे विकराचे काम कमी पडते, आपल्या जावेच्या गाठीत ते जास्त झाले. त्यामुळे ‘ही विकरे बंद करणारे औषध’ असे सरसकट बोलणे धोक्याचे आहे. शिवाय ही सगळी विकरे एकाच युबिक्विटिनला पकडतात, त्यामुळे त्यांचे खाचे एकमेकांसारखे असतात आणि एकाला अडवायला बनवलेला रेणू बऱ्याचदा शेजारच्यालाही अडवतो. बोर्टेझोमिब हे औषध २००३ पासून मल्टिपल मायलोमा या कर्करोगात वापरले जाते, पण ते चिठ्ठी काढणाऱ्या विकरांना हात लावत नाही, थेट प्रोटिअसोमलाच अडवते.

जावेपुरते सांगायचे, तर यूएसपी-८ विषयी अहवालात काहीही आले असले, तरी कॉर्टिसोलच्या तपासण्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना करून घ्याव्यात. बरे वाटते म्हणून त्या पुढे ढकलू नयेत, कारण काही रुग्णांत हा आजार शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही परततो.