वाचकांचे प्रश्न : वेबसाइटचं काम दुसऱ्यांकडे सोपवताना

प्रश्न : बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर (साइट चालवायचं सॉफ्टवेअर), विक्री वूकॉमर्सवर (त्यातलीच दुकानाची जोडणी). नव्या साड्या चढवायला एक मुलगी, ऑर्डरी बघायला पुतण्या आणि कन्नड लेख लिहायला एक मास्तर आहेत. तिघांनाही माझाच पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर दिलाय. चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आजच बदला. पासवर्ड एकच असला की किंमत कुणी बदलली, पान कुणी उडवलं याचा पत्ता लागत नाही. एकाला बंद करायचं तर तिघांचं काम अडतं.

वर्डप्रेसच्या 'युजर्स'मध्ये 'अ‍ॅड न्यू' करून प्रत्येकाचं वेगळं खातं काढा, तेही ज्याच्या त्याच्या ई-मेलवर. दुकानाचा सामाईक ई-मेल नको, कारण पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते. खातं काढताना सूचना पाठवण्याच्या चौकटीत खूण ठेवा, म्हणजे ते आपला पासवर्ड स्वतःच ठरवतील. युजरनेम नंतर बदलता येत नाही, आधीच नीट लिहा.

प्रत्येक खात्याला एक भूमिका, म्हणजे काय काय करायची मुभा, द्यावी लागते. मास्तरांना 'कॉन्ट्रिब्युटर' पुरे. ते लेख लिहून पाठवतील, प्रसिद्ध तुम्ही कराल. या भूमिकेत फोटो चढवता येत नाहीत आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर त्यात दुरुस्तीही करता येत नाही, हे त्यांना आधी सांगा. डॅशबोर्ड (साइट सांभाळायचा पडदा) कन्नडमध्ये हवा असेल तर 'सेटिंग्ज–जनरल'मध्ये कन्नड एकदा निवडून सेव्ह करा, परत मराठी करा. मग त्यांच्या प्रोफाइलमध्ये भाषा निवडता येते, तुमचा डॅशबोर्ड मराठीच राहतो.

मुलीचा प्रश्न अवघड आहे. 'ऑथर' केलं तर फोटो आणि स्वतःचे लेख जमतील, पण दुकानातला माल नोंदवता येणार नाही. त्यासाठी 'शॉप मॅनेजर' लागतं, आणि त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर सगळं दिसतं. पुतण्याला ते द्यावंच लागेल. मुलीनं फोटो नि माहिती पाठवावी आणि माल पुतण्यानं नोंदवावा, असं आम्ही सुचवू. 'एडिटर' ही मधली, बिनधोक भूमिका वाटते, तशी ती नाही. साध्या, एकाच साइटच्या वर्डप्रेसमध्ये एडिटरला पानात स्क्रिप्ट (वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणारा कोड) सुद्धा घालता येते. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', म्हणजे सगळे हक्क असलेले, तुम्ही एकटेच राहा.

प्रश्न : खानापूरजवळ आमचा होमस्टे आहे. वर्डप्रेसची साइट करून देणाऱ्याचं काम संपलं, म्हणून माझा पासवर्ड बदलला. एवढं पुरे का?

उत्तर : नाही. तुमचा पासवर्ड बदलल्यानं त्याचं खातं बंद होत नाही. आधी फाइली आणि डेटाबेस (लेख, खाती वगैरे माहितीचा साठा) दोन्हींचा बॅकअप तुमच्या संगणकावर उतरवून घ्या. मग युजर्सच्या यादीत फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बघा. अनोळखी नाव दिसलं की विचारपूस करा. साइट करणाऱ्याचं खातं काढून टाकताना 'मजकूर कुणाच्या नावावर करायचा' असं वर्डप्रेस विचारतं, तिथं तुमचं नाव निवडा. घाईत दुसरा पर्याय निवडला तर त्यानं तयार केलेली पानंही खात्याबरोबर जातात. खातं लगेच काढून टाकायचं नसेल तर भूमिका काढून घ्या, पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमधले 'अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड' (इतर अ‍ॅपना साइटवर शिरू देणारे वेगळे पासवर्ड) रद्द करा. वर्डप्रेस ५.६ पासून ही सोय आहे, आणि मुख्य पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतात. बहुतेक जण हेच विसरतात.

याहून मोठं दार होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथं ठेवली आहे त्या भाड्याच्या जागेचं. ज्याच्या हाती सी-पॅनेल (होस्टिंग सांभाळायचा पडदा), त्याला डेटाबेसमधून नवा अ‍ॅडमिन तयार करता येतो. म्हणून होस्टिंगचा पासवर्ड बदला, त्याची एफटीपी (साइटच्या फाइली चढवण्या-उतरवण्याची) खाती काढून टाका. डेटाबेसचा पासवर्डही बदला, पण तोच लगेच 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' (wp-config.php) या वर्डप्रेसच्या फाइलमध्ये लिहा, नाहीतर साइट उघडायच्या जागी डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश येतो.

शेवटी डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, कुणाच्या खात्यात आहे ते बघा. ते त्याच्या ई-मेलवर घेतलेलं असेल, तर मुदत संपल्याची सूचना त्यालाच जाते आणि नूतनीकरण राहिलं तर नाव हातचं जाऊ शकतं. संबंध चांगले आहेत तोवर डोमेन तुमच्या खात्यात हलवून मागा. पुढच्या माणसाला होस्टिंगचं खातं नको, साइटच्या एकाच फोल्डरपुरतं एफटीपी खातं द्या आणि काम झालं त्याच दिवशी बंद करा.