अटॅकनंतर शुगर 268 निघाली, इन्सुलिन लावलंय. आता जन्मभर घ्यावं लागेल का?

तुमचे वडील लातूरला आयसीयूत आहेत, आधी कधी शुगर नव्हती आणि आता इन्सुलिनचा पंप बघून घरचे धास्तावलेत. एवढ्यावरून जन्मभराचं काहीच ठरत नाही.

अटॅकच्या ताणात शरीर अ‍ॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल सोडतं. लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं, इन्सुलिनचा असरही कमी पडतो. म्हणून मधुमेह नसलेल्याचीही शुगर चढते. एचबीए1सी ही रक्ततपासणी झाली का, ते विचारा. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. 6.5 टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह आधीपासून असणार, फक्त कळला नव्हता. 5.7 च्या खाली आली तर बहुतेक ताणाचीच शुगर. अंगात रक्त कमी असेल किंवा नुकतंच चढवलं असेल तर मात्र हा आकडा फसवतो.

"शंभरवर आणा" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका, ही माझी कळकळीची विनंती. शुगर 180 च्या वरच राहिली की इन्सुलिन सुरू करतात आणि साधारण 140 ते 180 मध्ये ठेवतात. 2009 साली आलेल्या नाइस-शुगर अभ्यासात आयसीयूतल्या सहा हजारांवर रुग्णांपैकी ज्यांची शुगर 81 ते 108 मध्ये ठेवायचा प्रयत्न झाला, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. शुगर 70 च्या खाली गेली की पुन्हा अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, पोटॅशियम उतरतं आणि दुखावलेल्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पंप चालू असताना तासातासाला बोट टोचतात ते यासाठीच.

त्या टोचण्यातही चूक होते. बीपी पडलेलं, बोटं गार असली तर ग्लुकोमीटरचा भरवसा नाही, शिरेतलं रक्त लॅबला पाठवावं लागतं. मोसंबी सोललेल्या बोटाला साखर लागलेली असते, आकडा उगाच वर दिसतो. आधी हात धुऊन कोरडे करा.

आणि लपूनछपून काही खाऊ घालू नका. जालन्याची मोसंबी असो की गोड चहा, सिस्टरला सांगूनच द्या. न सांगता ज्यूस पाजला की शुगर चढते, पंपाचा वेग वाढवला जातो, आणि ज्यूसचा असर ओसरल्यावर शुगर धाडकन खाली येते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी कमजोर असेल तर तेही विचारल्याशिवाय नको. घरात कुणाची शुगरची गोळी असेल तर ती यांना मुळीच देऊ नका.

जेवण नीट सुरू झालं की पंप निघतो. पुढेही इन्सुलिन लागणार असेल तर लांब असराचं इंजेक्शन पंप बंद करायच्या साधारण दोन तास आधी देतात, नाहीतर शुगर परत उसळते. घरी गेल्यावर सहा-आठ आठवड्यांनी उपाशीपोटीची शुगर करा. 126 किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच मधुमेहाचं नाव घ्यायचं, आणि तेव्हाही बहुतेकांना सुरुवात गोळीनेच होते.