फेब्रुवारीत चेल्याबिन्स्कला जावं का?

प्रश्न : जालन्यात सळईच्या मिलमध्ये ३१ वर्षं काम करून गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. मुलगी रशियात चेल्याबिन्स्कला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षं झाली घरी आली नाही. फेब्रुवारीत दहा दिवस आम्ही दोघं तिच्याकडे जावं म्हणतो. मंडळींना दमा आहे, साडीशिवाय दुसरं काही त्या नेसत नाहीत. दोघंही माळकरी. थंडी सोसेल का? पैसे कसे न्यावेत? बघण्यासारखं काय आहे? तिकिटं अजून काढलेली नाहीत.
— एक वाचक, जालना

उत्तर : भाऊ, तिकिटं काढली नाहीत हे फार बरं केलंत. मीही परभणीहून लेकाला भेटायला याच शहरात गेले होते, तेही फेब्रुवारीतच. म्हणून आधी दम्याचं बोलते.

धूर काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. चेल्याबिन्स्कही पोलाद, जस्त, पाइप यांच्या कारखान्यांचं शहर. हिवाळ्यात वारा पडला की थंड, जड हवा जमिनीलगत बसते, वर ऊबदार हवेचं झाकण पडतं आणि चिमण्यांचा धूर वर न जाता गल्लीतच घुटमळतो. असे दिवस तिथलं प्रशासन आधी जाहीर करतं. त्या दिवशी वहिनींनी घराबाहेर पडायचंच नाही. शिवाय नुसत्या कोरड्या थंड हवेनंही श्वासनळी आवळते. म्हणून आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणाले तरच फेब्रुवारी धरा. मी तुमच्या जागी असते तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा धरला असता. बर्फ गेलेला असतो, झाडांना पालवी असते, दिवस मोठा असतो. मुलीच्या परीक्षेच्या तारखा मात्र तिलाच विचारून घ्या.

फेब्रुवारीतच जायचं ठरलं तर कपड्यांचं नीट ऐका. बाहेर सरासरी उणे १३ अंश, एखाद्या रात्री उणे २५ च्याही खाली. घरात मात्र गरम पाण्याचे पाइप फिरवलेले, तिथे लोक अर्ध्या बाह्यांत वावरतात. त्यामुळे एकच जाडजूड स्वेटर कामाचा नाही. आत थर्मल, त्यावर लोकर, वर वारा अडवणारं जाकीट, म्हणजे आत गेल्यावर एकेक उतरवता येतं. नाकातोंडावर मफलर हवाच.

साडीचं मी करून बघितलंय. पहिल्या दिवशी मोजे घालून साडीच नेसले. फुटपाथवरच्या मळकट, वितळलेल्या बर्फात काठ भिजला आणि ट्रामची वाट बघता बघता तो पापडासारखा ताठ झाला. पाऊल टाकलं की पोटरीला खरखर घासायचा. दुसऱ्या दिवसापासून मी सलवार घातली. वहिनींनाही पटवा. साडी मुलीच्या खोलीवर नेसता येईल.

बूट इथून नेऊ नका, तिथेच घ्या. बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, तेही घ्या. थंडीपेक्षा मला भीती घसरून पडण्याची वाटते, आपल्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते तुम्ही जाणताच. आणि इमारतीच्या भिंतीला खेटून चालू नका, छपरावरून बर्फाचे सुळके सुटतात.

होस्टेलवर पाहुण्यांना राहता येईलच असं धरू नका. हॉटेल घ्या किंवा रोजाच्या भाड्याचा फ्लॅट. परदेशी माणसाची नोंदणी सात कामकाजी दिवसांत व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं, फ्लॅटच्या मालकाला आधीच विचारा. इथल्या बँकेचं व्हिसा-मास्टरकार्ड २०२२ पासून तिथे चालत नाही. डॉलर रोख न्या, नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या, शाई न लागलेल्या.

माळकऱ्याची उपासमार होत नाही. बटाटा, कोबी, बीट मुबलक. ताकासारखं केफिर मिळतं, आणि ग्रेच्का, म्हणजे आपल्याकडे उत्तरेत ज्याला कुट्टू म्हणतात ते धान्य. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट एवढं न्या. सूप मात्र विचारल्याशिवाय पिऊ नका, नुसत्या भाजीचं दिसलं तरी ते बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं.

बघायचं म्हणाल तर तुम्ही ट्रॅक्टर कारखान्याकडे जाच. तो १९३३ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राद आणि खारकोवचे कारखाने यंत्रांसकट इथे हलवले आणि इथून इतके रणगाडे निघाले की लोक शहराला टँकोग्राद म्हणू लागले. जवळच्या चौकात रणगाडा उभा आहे. रस्ता सोपा, लेनिन मार्गानं सरळ पूर्वेला.

दुसरं म्हणजे मियास नदीकाठचं इतिहास संग्रहालय. १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी या शहरावर आकाशात उल्का फुटली. लख्ख उजेड बघायला लोक खिडक्यांशी धावले. हवेचा दणका मागाहून आला आणि तावदानं त्यांच्याच अंगावर फुटली. हजाराहून जास्त माणसं जखमी झाली. पुढे चेबारकुल तळ्याच्या तळातून उल्केचा अर्ध्या टनाहून जड तुकडा काढला, तो इथे ठेवलाय. मी त्यापुढे बराच वेळ उभी होते. काळा, खडबडीत, भट्टीतून काढलेल्या मळीसारखा. तुम्ही बघाल तेव्हा तुम्हालाही मिलच आठवेल.

तिथलं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे असतं. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा.