गर्भ घडवणारा हेजहॉग संकेतमार्ग कर्करोगाला कसा कारणीभूत ठरतो?

फळमाशीत आणि माणसात जवळजवळ सारखाच असलेला हेजहॉग संकेतमार्ग, म्हणजे पेशींनी एकमेकींना संदेश देण्याची प्रथिनांची साखळी, गर्भात अवयव घडवतो, मग तोच पुढे कर्करोगाच्या मुळाशी कसा सापडतो, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर या मार्गाच्या रचनेतच आहे. हा मार्ग बंद ठेवण्यासाठी पेशीला सतत काम करावे लागते, आणि ते काम थांबले की बाहेरून कोणताही संदेश आलेला नसताना मार्ग चालू होतो.

पेशीपटलावर पॅच्ड नावाचे एक प्रथिन असते आणि ते स्मूदन्ड या दुसऱ्या प्रथिनाला निष्क्रिय ठेवते. स्मूदन्ड निष्क्रिय असेपर्यंत ग्लाय गटातील प्रथिने अर्धवट कापली जातात आणि त्यांचे तोकडे रूप केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके दाबून ठेवते. शेजारच्या पेशीने सोडलेले हेजहॉग प्रथिन पॅच्डला येऊन चिकटले, की पॅच्डचे नियंत्रण सुटते, स्मूदन्ड जागे होते, ग्लायची काटछाट थांबते आणि अखंड ग्लाय त्याच जनुकांना चालना देते. म्हणजे हेजहॉग थेट काहीच सुरू करत नाही, ते फक्त दाबलेल्या ब्रेकवरचा पाय उचलते. पॅच्ड हे स्मूदन्डला धरून बसत नाही, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते. पॅच्डची थोडी संख्या कितीतरी अधिक स्मूदन्डना आवरू शकते, आणि आजच्या समजुतीनुसार ते पटलातील कोलेस्टेरॉल हलवून स्मूदन्डला त्यापासून वंचित ठेवते. गंमत म्हणजे खुद्द हेजहॉग प्रथिनालाही तयार होताना एका टोकाला कोलेस्टेरॉलचा रेणू जोडला जातो.

क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस या शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या अळीच्या शरीराचे खंड बिघडवणाऱ्या १५ जनुकस्थानांचे वर्णन १९८० साली प्रसिद्ध केले, आणि त्यांत हेजहॉग होते. या कामासाठी त्यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक एडवर्ड लुईस यांच्यासोबत मिळाले. पृष्ठवंशीय प्राण्यांतील त्याची भावंड जनुके १९९३ मध्ये सापडली. माणसात अशी तीन आहेत: सॉनिक, इंडियन आणि डेझर्ट. मात्र ‘टिकून राहिलेला मार्ग’ म्हणजे जसाच्या तसा राहिलेला मार्ग नव्हे. सस्तन प्राण्यांत हा संदेश पोहोचवण्यासाठी पेशीवरील प्राथमिक पक्ष्माभिका (केसासारखा एक बारीक उंचवटा) लागते, तर माशीच्या बहुतेक पेशींचे तिच्याविना भागते. सी. एलेगन्स या गोलकृमीत तर स्मूदन्डच उरलेले नाही.

गर्भात या संदेशाचे प्रमाण आणि तो किती वेळ मिळाला, हे दोन्ही महत्त्वाचे असते. ज्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात त्या चेतानलिकेखालची पृष्ठरज्जू ही दांड्यासारखी रचना सॉनिक हेजहॉग सोडते, आणि चेतानलिकेतील पेशी त्या उगमापासून किती दूर आहेत त्यानुसार त्यांतून स्नायू हलवणाऱ्या किंवा अन्य प्रकारच्या चेतापेशी घडतात. हातापायांच्या अंकुरात हाच रेणू करंगळीच्या बाजूने पसरतो. तो अंगठ्याच्या बाजूलाही तयार होऊ लागला तर जादा बोटे येतात. असे अनेकदा जनुकात बिघाड नसतानाही घडते, कारण अंकुरात त्या जनुकाला चालू करणारा डीएनएचा तुकडा जनुकापासून सुमारे १० लाख अक्षरे दूर असतो आणि बदल त्या तुकड्यात झालेला असतो.

संदेश कमी पडला तर काय होते, हे प्रथम मेंढ्यांनी दाखवले. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली. गाभण मेंढ्यांनी साधारण चौदाव्या दिवशी व्हेराट्रम ही रानटी वनस्पती खाल्ल्याने असे होते, हे तपासाअंती कळले. तिच्यातील सायक्लोपामाइन हा घटक हेजहॉग मार्ग अडवतो हे १९९८ मध्ये, आणि तो थेट स्मूदन्डला चिकटतो हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. माणसात सॉनिक हेजहॉग जनुकाची दोनपैकी एक प्रत निकामी असली तरी मेंदूचे दोन गोलार्ध नीट विभागले न जाण्याचा विकार होऊ शकतो. एकाच कुटुंबात तोच दोष एखाद्या बाळाला जगू देत नाही आणि दुसऱ्या व्यक्तीत केवळ मधोमध एकच पुढचा दात एवढ्यावर थांबतो.

कर्करोगात गोष्ट उलट घडते. गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक विकारात पॅच्डच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते. त्वचेच्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली की मार्ग कायमचा चालू राहतो आणि बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग वाढतो. ज्यांना हा आनुवंशिक विकार नाही त्यांच्या अशा बहुतेक गाठींतही याच मार्गातला बिघाड सापडतो. लहान मुलांच्या अनुमस्तिष्कातील (मेंदूच्या मागच्या भागातील) मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाच्या सुमारे एक तृतीयांश गाठी याच गटातल्या असतात. तेथील पूर्वपेशी जन्माच्या आसपास सॉनिक हेजहॉगच्या सांगण्यावरून वेगाने विभाजित होतात आणि पुढे थांबतात. ब्रेक तुटलेली पेशी मात्र थांबत नाही. गर्भातले काम आणि रोग यांच्यात फरक आहे तो इतकाच.

उपचारही याच तर्काने शोधले गेले. स्मूदन्ड अडवणारे व्हिस्मोडेगिब २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि पसरलेल्या बेसल सेल कार्सिनोमात ते उपयोगी ठरते. स्नायूंत पेटके, चव जाणे, केस गळणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. गरोदरपणात ते सक्त वर्ज्य आहे, आणि वाढत्या मुलांत हाडांची वाढ वेळेआधी थांबण्याचा धोका असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र याच प्रकारच्या सॅरिडेगिबची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणारे रुग्ण कमी काळ जगत होते. तिथे गाठीच्या पेशींतील पॅच्ड तुटलेले नसते. त्या हेजहॉग सोडतात आणि ते भोवतालच्या आधार देणाऱ्या ऊतीला मिळते. बेसल सेल कार्सिनोमातही काही गाठी स्मूदन्डमध्ये नवा बदल करून औषधाला चिकटायला जागाच ठेवत नाहीत, तर काहींत स्मूदन्डच्या पुढच्या टप्प्यावर ग्लायचे प्रमाण वाढलेले असते. अशा गाठींसाठी थेट ग्लायला रोखणारी औषधे शोधली जात आहेत. रक्ताच्या एका कर्करोगावर आधीपासून वापरात असलेले आर्सेनिक ट्रायऑक्साइड ग्लायवर परिणाम करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.