गाणारा थांबतो तिथे गिटार बोलते

प्रश्न : ताई, इलेक्ट्रिक ब्लूज, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवरचं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत, ऐकायला सुरुवात करायची आहे. कुणालाही विचारलं की पन्नास-शंभर रेकॉर्डची यादी हातात पडते. दोन-तीन लावून पाहिल्या, पण सगळी गाणी सारखीच वाटली. नेमकं कुठून सुरू करू?

यादी बाजूला ठेवा आणि महिनाभर एकच रेकॉर्ड ऐका, गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांची 'लाइव्ह ॲट द रीगल'. 21 नोव्हेंबर 1964 ला शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं हे ध्वनिमुद्रण आहे, जेमतेम पस्तीस मिनिटांचं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गिटारकडे लक्षच देऊ नका, समोरचे लोक काय करताहेत ते ऐका. ते ओरडतात, हसतात, ओळ पुरी व्हायच्या आत दाद देतात. दुसऱ्यांदा ऐकताना बी. बी. गातात तेव्हा त्यांची गिटार काय करते ते पाहा. ती गप्प असते. ओळ संपली की ती बोलते, आणि आवाज परत आला की पुन्हा गप्प. हे एकदा कानात बसलं की पुढच्या सगळ्या रेकॉर्ड तुम्हाला वेगळ्या ऐकू येतील.

सगळी गाणी सारखी वाटण्याला कारण आहे. बहुतेकांचा सांगाडा एकच असतो. त्याला 'बारा बार' म्हणतात, पण एकतालाच्या बारा मात्रांशी त्याची गल्लत करू नका. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार खंड घरच्या, म्हणजे षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर), मग दोन चौथ्या, म्हणजे मध्यमाच्या कॉर्डवर आणि दोन परत घरी. नववा पाचव्या, म्हणजे पंचमाच्या कॉर्डवर, दहावा चौथ्यावर आणि शेवटचे दोन पुन्हा घराकडे. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करतो. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खंड येतात, पण शब्द साधारण दोन खंडांतच संपतात. उरलेली जागा गिटारची. याच रेकॉर्डवरचं दुसरं गाणं, 'स्वीट लिटल एंजल', संथ आहे. बोटांवर खंड मोजत ते ऐका, ही जागा दर वेळी कशी उघडते ते कळेल.

मग मडी वॉटर्सकडे वळा. ते 1943 मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आले. तिथल्या गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये साध्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. 1948 चं 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' ऐका. सोबतीला फक्त बास आहे, बाकी तारेवरून घसरणारी त्यांची स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी, आणि आवाज. लगेच त्यांचंच 1954 चं 'हूची कूची मॅन' लावा. आता लिटल वॉल्टरची माउथ ऑर्गन, ओटिस स्पॅनचा पियानो, असा भरलेला वाद्यवृंद आहे. पाच सुरांची एक धून वाजते आणि सगळे एकदम थांबतात, त्या शांततेत मडी गातात. विली डिक्सन यांनी लिहिलेलं हे गाणं बारा नव्हे, सोळा खंडांचं आहे. तुम्ही मोजत असाल तर इथे चुकाल, आणि ते चुकणं फार कामाचं आहे.

तरीही 'सारखंच' वाटलं, तर हाउलिन वुल्फ यांचं 1956 चं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' लावा. त्यात कॉर्ड बदलतच नाही. गिटारची एक छोटी धून फिरत राहते आणि तिच्यावर तो खरखरीत आवाज मध्येच लांडग्यासारखा वर चढतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं संपल्यावर खोलीत काही वेळ नुसती बसून होते.

प्रश्न : दीड वर्षापासून गिटार शिकतोय. पेंटॅटॉनिकचे, म्हणजे पाच सुरांच्या सप्तकाचे, गिटारवरचे पाचही आकार पाठ आहेत, बऱ्यापैकी जलदही वाजवतो. पण ब्लूज वाजवल्यासारखं वाटत नाही. कोणते सोलो बसवावेत?

आधी एक महिना सोलो बंद. मी अठरा वर्षं शिकवते आहे आणि तुमच्यासारखे विद्यार्थी दर वर्षी येतात. बोटं तयार असतात, पण मागचा ठेका अंगात मुरलेला नसतो.

जिमी रीड यांचं 1961 चं 'ब्राइट लाइट्स, बिग सिटी' घ्या. तीन मिनिटांच्या आतलं गाणं आहे. ठेका साधा वाटतो, म्हणून लोक त्याला सोडून पुढे जातात. 'ए' कॉर्डवर करून पाहा : पाचवी तार मोकळी, चौथी तार दुसऱ्या पडद्यावर; मग चौथीच चौथ्या पडद्यावर आणि परत. प्रत्येक मात्रेचे तीन भाग कल्पून पहिल्या आणि तिसऱ्या भागावर वाजवा, मधला रिकामा सोडा. तिथे हात घाई करतो. रेकॉर्डसोबत पूर्ण गाणं, एकदाही न थांबता आणि एकदाही नटवायला न जाता वाजवता आलं की महिन्याचं काम झालं समजा.

त्यानंतर तार ओढणं. तिसरी तार, सातवा पडदा, तिथे 'डी' आहे. ती तिसऱ्या बोटाने ओढून 'ई'पर्यंत न्यायची, पहिली दोन बोटं मागून आधाराला. पोचलात की नाही हे अंदाजाने ठरवू नका. दुसरी तार पाचव्या पडद्यावर वाजवा, तोच 'ई' तिथे तयार आहे. दोन्ही सूर एकमेकांत विरघळले पाहिजेत. बहुतेकांची तार थोडी खाली राहते आणि त्यांना ते ऐकूही येत नाही. हे जमलं की तिसऱ्याच तारेवर पाचव्या पडद्यावरचा 'सी' अगदी किंचित, अर्ध्या स्वराच्याही आत, ओढा. षड्ज 'ए' धरला तर हा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला सूर आहे. ब्लूज तिथेच राहतो. पेंटॅटॉनिकच्या आकृतीत त्याचा ठिपका नसतो, म्हणूनच तुमचं वाजवणं बरोबर असूनही कोरडं वाटतं.

या कामाला माझ्या लेखी सगळ्यात चांगला गुरू म्हणजे अल्बर्ट किंग. 1967 ची त्यांची 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' ही स्टॅक्स कंपनीची रेकॉर्ड आणा. ते डावखुरे होते, उलटी धरलेली गिटार वाजवायचे, त्यामुळे बारीक तारा वर यायच्या आणि ते त्या जमिनीच्या दिशेने खाली ओढायचे. आपण ढकलतो तिथे ते खेचतात, म्हणून त्यांच्या सुराला वेगळाच ताण आहे. त्यांचे सूर मोजकेच आहेत. 'पर्सनल मॅनेजर'मधला सोलो आधी गुणगुणायला शिका, तोंडाने, श्वासासकट. मगच गिटार हातात घ्या.

हे गुणगुणणं मी फार उशिरा शिकले. शिकत असताना एका गायिकेच्या साथीला बसले होते. टॅबवरून, म्हणजे पडद्यांचे आकडे लिहिलेल्या कागदावरून, आकडा न् आकडा पाठ केलेले तुकडे मी तिच्या ओळींवर वाजवत सुटले. दुसऱ्या कडव्याला ती गायची थांबली आणि शांतपणे म्हणाली, "माझं वाक्य पुरं होऊ दे, मग तू सांग." त्या रात्री घरी येऊन रीगलची रेकॉर्ड पुन्हा लावली. तोवर मी ती शंभरदा तरी ऐकली असेल, पण गिटारचं गप्प बसणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सोलो बसवायचाच असेल तर फ्रेडी किंग यांचं 1961 चं 'हाइड अवे' बसवा. वाद्यसंगीत आहे, 'ई'मध्ये, आणि प्रत्येक आवर्तनाला नवा तुकडा येतो. घाई नको, एका आठवड्याला एक आवर्तन. एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्यासोबत 1966 मध्ये ते वाजवलं, ते नंतर ऐका, मूळ आधी.

प्रश्न : माझ्याकडे साधी गिटार आणि छोटा अँप आहे. खरा ब्लूज टोन येण्यासाठी ट्यूब अँप (जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा) घ्यावा का?

आता नको. 1965 मध्ये ज्युनियर वेल्स यांची 'हूडू मॅन ब्लूज' रेकॉर्ड होत होती. बडी गाय यांचा अँप ऐन वेळी बंद पडला, तेव्हा त्यांची गिटार हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला, म्हणजे आत फिरत राहणाऱ्या स्पीकरला, जोडली. त्यातून आलेला तो हेलकावणारा सूर आज लोक मुद्दाम शोधत असतात. तुमच्या अँपवर गेन (सूर फाटवणारं बटण) कमी ठेवा, आवाज थोडा वाढवा आणि जोर हातानेच कमी-जास्त करा. आणि ही रेकॉर्ड जरूर ऐका. चौघेच जण आहेत, त्यामुळे कोण कुठे थांबतो ते स्पष्ट कळतं.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी स्टीव्ही रे वॉन यांच्या वादनाने झपाटली आहे. जुन्या रेकॉर्ड लावल्या की कंटाळते. तिला ऐकायला भाग पाडू का?

मुळीच भाग पाडू नका. 'टेक्सास फ्लड' ही त्यांची 1983 ची पहिली रेकॉर्ड तिला मनसोक्त ऐकू द्या. एक काळजी मात्र घ्या. वॉन फार जाड तारा वापरायचे आणि गिटार अर्धा स्वर खाली लावायचे. त्यांचं पाहून तिने तसल्या तारा चढवल्या तर बोटं आणि मनगट दुखावेल. तिच्या गिटारवर नऊ नंबरच्या बारीक ताराच असू द्या.

जुन्या माणसांकडे तिला वॉनच घेऊन जातील. 1983 च्याच डिसेंबरात कॅनडात एका टेलिव्हिजन कार्यक्रमासाठी ते आणि अल्बर्ट किंग एकत्र वाजवायला बसले. तो कार्यक्रम तिच्यासोबत बसून पाहा. वॉन यांचे जे तुकडे तिला आवडतात, त्यातले किती शेजारच्या खुर्चीवरून आलेत हे ती स्वतःच ओळखेल.

आणि एके दिवशी तिला सिस्टर रोझेटा थार्प दाखवा. त्या गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गायच्या, पण त्यांची गिटार ऐकल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. 1964 चा मे महिना, मँचेस्टरचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, प्रेक्षक एका फलाटावर आणि रोझेटा समोरच्या फलाटावर. अंगात लांब कोट, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार, फलाट पावसाने ओला. त्या एक ओळ गातात, थांबतात आणि मग गिटारवर हात टाकतात. मुलगी काय म्हणाली ते मला नक्की कळवा.