होमस्टेच्या ब्लॉगसाठी फुकट फोटो, आधी एवढंच बघ

अरे घाबरू नकोस, गुहागरला होमस्टे चालू करतोयस ना, मग निम्मे फोटो तुझ्या अंगणातच आहेत. पहिलं म्हणजे गुगलवर दिसला की उचलला असं करू नको, नवीन माणूस तिथेच फसतो, तिथे दिसतो म्हणून फुकट नसतो, त्याला मालक असतो.

सुरुवातीला अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या फुकट फोटोंच्या तीनच वेबसाइट पुरे. तिथले फोटो धंद्यासाठी वापरले तरी चालतात, नाव देणं सक्तीचं नाही (दिलंस तर बरं), फक्त मधेमधे पैसेवाले फोटो पण दाखवतात तेवढं बघून घे. शोधताना इंग्रजी शब्द टाक आणि नुसतं 'बीच' नको, सोबत 'कोकण', 'मान्सून' असं काहीतरी जोड. किल्ले-देवळं हवी तर विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियावाल्यांचा फोटोसाठा), पण तिथे प्रत्येक फोटोचं लायसन्स, म्हणजे वापरायच्या अटी, वेगळं, बऱ्याच वेळा फोटोग्राफरचं नाव द्यावंच लागतं.

मी काय केलेलं माहितीये? पहिल्या वर्षी पेजवर निळंशार पाणी, पांढरी वाळू असा कुठल्यातरी परदेशी बीचचा फोटो लावला, पाहुणे आले आणि विचारतात तो बीच कुठाय, काय सांगणार कपाळ! तेव्हापासून खोली, समुद्र, ताटातली सोलकढी सगळं स्वतःच्या मोबाईलवर, सकाळच्या उन्हात. स्टॉकवाले, म्हणजे त्या वेबसाइटवरचे, फोटो फक्त 'पावसात बॅगेत काय भरावं' असल्या लेखांना.

हां, आणि डाऊनलोड केलास की त्याची लिंक लगेच शीटमध्ये टाकून ठेव, नंतर सापडत नाही. एडिटिंग वगैरे पुढच्या महिन्यात बघू.